काचेच्या टाकीतील पाणवनस्पती : लागण आणि छाटणी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

वनस्पतिशास्त्र हा माझा विषय नव्हे. मराठी, इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय घेऊन मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. तेव्हा 'हिला पाणवनस्पतींवर लिहिण्याचा अधिकार कोणी दिला?' असा प्रश्न एखाद्या प्राध्यापकांच्या किंवा विद्यार्थिमित्राच्या मनात आला, तर तो रास्तच म्हणावा लागेल. त्याचे उत्तर एवढेच की, आपल्या ग्रंथालयातील माशांच्या टाकीची देखभाल गेले दीड वर्ष माझ्याकडे आहे. या काळात मी काही शिकले, काही चुकले. आणि एक चूक अशी केली की, ती लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

आपल्या परिसराला माशाचे नाव नवे नाही. अंबडची मत्स्योदरी देवी सर्वांना ठाऊक आहे. देवीचे मंदिर ज्या टेकडीवर आहे, तिचा आकार माशासारखा म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. पाण्याची मात्र आपल्याकडे कायमची ओढ. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पैठणहून निघालेला २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा आपल्या शिवारातून गेला, जागोजाग ऊस उभा राहिला, अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आला. तरीही पावसाने पाठ फिरवली की टँकरची वाट पाहणे आपल्याला चुकत नाही. म्हणूनच ग्रंथालयात टाकी आली तेव्हा माझ्याच वर्गातील एका मैत्रिणीने विचारले होते, "माणसांना प्यायला पाणी नाही, आणि माशांना साठ लिटर?"

प्रश्न टोचणारा होता. पण त्याला उत्तर आहे. टाकी एकदाच भरायची असते. आठवड्याला साधारण पंधरा लिटर पाणी काढून तेवढेच नवे घालावे लागते. काढलेले पाणी आम्ही आवारातील लिंबाच्या रोपांना घालतो. माशांच्या विष्ठेमुळे त्यात थोडे खतही असते. ती रोपे आता माझ्या खांद्याला लागली आहेत. पाणी वाया गेले नाही, ते फक्त टाकीतून फिरून गेले.

जिवंत वनस्पती कशासाठी?

टाकी आली तेव्हा तिच्यात प्लास्टिकची हिरवी-तांबडी झाडे होती. ती दिसायला ठीक. पण चार-सहा दिवसांत पाणी गढूळ होई, वास येई. खऱ्या वनस्पती लावल्या तर पाणी टिकते, असे एका पुस्तकात वाचले आणि त्या वाचनातून एक सुंदर हकिकत हाती लागली.

लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी १८४९ साली एका भांड्यात दोन गोल्डफिश मासे आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती एकत्र ठेवली. मासा श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतो, वनस्पती उजेडात तो वापरून प्राणवायू देते, तेव्हा दोघांचे परस्परांवर भागावे अशी त्यांची कल्पना. ती खरी ठरली; पण काही दिवसांनी एक अडचण उभी राहिली. व्हॅलिस्नेरियाची जुनी पाने पाण्यात कुजू लागली आणि पाणी बिघडू लागले. वॉरिंग्टनने मग त्या भांड्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि पाणी पुन्हा नितळ झाले. हा प्रयोग त्यांनी १८५० साली प्रसिद्ध केला. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी मत्स्यालय उघडले गेले. आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले ते १९५१ साली.

या हकिकतीतील गोगलगाय मला फार महत्त्वाची वाटते. वनस्पती लावली की काम संपले, असे नसते. तिचे जे पान म्हातारे झाले ते वेळीच काढले नाही, तर ज्या वनस्पतीने पाणी शुद्ध ठेवायचे तीच ते नासवते. गोगलगाय जे तोंडाने करते ते आपण कात्रीने करायचे. छाटणीचे सारे शास्त्र या एका वाक्यात आले.

टाकी, पाणी आणि उजेड

आपली टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. हिशेबाने तिच्यात सत्तर लिटर पाणी मावते. तळाची खडी आणि वरची चार बोटे रिकामी जागा सोडली तर साठ. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. काच आणि खडी धरून हे ओझे एका माणसाच्या वजनाहून जास्त होते. म्हणून टाकी डगमगत्या टेबलावर कधीही ठेवू नये आणि भरलेली टाकी उचलण्याचा विचारही करू नये.

तळाशी दोन ते अडीच इंच जाडीची खडी असावी. दाणा ज्वारीएवढा असला की पुरे. फार बारीक वाळू घट्ट बसते आणि मुळे गुदमरतात. मोठी खडी घेतली तर रोप उभेच राहत नाही. खडी दहा पाण्यांनी धुवावी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच घालावे.

आपल्याकडचे विहिरीचे वा बोअरचे पाणी जड असते. पाणी तापवायच्या भांड्याला आतून जो पांढरा थर धरतो, तो याच क्षारांचा. सगळ्याच वनस्पतींना हे पाणी मानवत नाही. पण काही वनस्पती अशा आहेत की, पाण्यात विरलेला कार्बन डायऑक्साइड कमी पडला तर त्या जड पाण्यातील बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकतात. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया या दोन्ही त्यांपैकीच. तेव्हा बाजारातून महागडी नाजूक रोपे आणून ती मरताना पाहण्यापेक्षा, आपल्या पाण्याला सोसतील अशीच निवडावीत. जमीन पाहून पीक घ्यावे हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

उजेड रोज सात-आठ तास पुरतो. टाकी थेट उन्हात ठेवली की आठवड्यात काचांवर हिरवे शेवाळ चढते. आपली टाकी उत्तरेकडील खिडकीजवळ आहे आणि वर एक साधा एलईडी दिवा आहे. उजेडात हायड्रिलाच्या पानांतून प्राणवायूचे बारीक बुडबुडे वर जाताना दिसतात. शाळेत परीक्षानळी आणि नरसाळे उपडे ठेवून केलेला प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग अनेकांना आठवत असेल. तोच प्रयोग इथे दिवसभर चालू असतो. रात्री मात्र वनस्पतीही प्राणवायू घेतात. म्हणून दाटीवाटीने वाढलेल्या टाकीत पहाटे मासे पाण्याच्या वर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसले, तर समजावे की छाटणीला उशीर झाला आहे.

रोपे कोठून आणली?

कालव्याचे आवर्तन संपले की चारीत ठिकठिकाणी पाण्याची डबकी राहतात. त्यांतून मी हायड्रिला आणि सेराटोफायलम आणले. हायड्रिलाच्या खोडावर पानांची छोटी छोटी चक्रे असतात. सेराटोफायलम मांजराच्या शेपटीसारखे झुबकेदार असते आणि त्याला मुळेच नसतात. ओढ्याच्या ओल्या काठावर मिळणारी जलब्राह्मी, म्हणजे जाड बारक्या पानांची बाकोपा, हीसुद्धा पाण्यात बुडवून वाढवता येते. फक्त ती सावकाश रुळते. भाताच्या खाचरात उगवणाऱ्या आंबुलीची जातभाई मत्स्यटाकीच्या धंद्यात 'अंबुलिया' या नावाने विकली जाते. व्हॅलिस्नेरियाची चार रोपे मात्र विकत घेतली. तिची पाने कांद्याच्या पातीसारखी, पण चपटी आणि लांब असतात.

बाहेरून आणलेली वनस्पती थेट टाकीत टाकू नये. ती आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवावी, पाणी बदलत राहावे, चिकटलेल्या अळ्या आणि किडे काढून टाकावेत. मासे म्हणून आम्ही सात गप्पी सोडले. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खाते हे मासे पाण्याच्या हौदांत सोडते. त्यांना जड पाणी मानवते.

आणि दिसली वनस्पती की उपटली, असेही करू नये. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर पावसाळ्यात डबक्यांतून 'वायतुरा' उगवतो. त्याच्या तुऱ्याला दोन फाटे असतात. त्याचे शास्त्रीय नावच साताऱ्यावरून पडले आहे आणि त्याचे वर्णन १९८२ साली प्रसिद्ध झाले. अशी वनस्पती सह्याद्रीच्या मोजक्याच पठारांवर आढळते. तिची जागा तिथेच. आपल्या टाकीची शोभा चारीतल्या हायड्रिलानेही वाढते.

माझी चूक

आता त्या चुकीविषयी. पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी हायड्रिलाची वाढ खुंटल्यासारखी वाटली. पाने फिकट पडली होती. शेतात पीक पिवळे पडले की युरिया टाकतात, हे मी लहानपणापासून पाहत आले. घरून कागदाच्या पुडीत चहाचा एक चमचा युरिया आणला आणि कोणाला न विचारता टाकीत टाकला. पीक हिरवे होते, मग हेही होईल, असा माझा सरळ हिशेब.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातांपैकी पाच मासे पाण्यावर उताणे तरंगत होते.

आदल्या दिवशी शिपाईकाकांनी ग्रंथालयाची फरशी फिनाईलने पुसली होती. फिनाईलचे पाणी टाकीत उडाले असेल, असे कोणीतरी म्हणाले आणि सर्वांनी ते मानले. काका 'मी टाकीजवळ गेलोच नाही' असे सांगत राहिले. मी तिथेच उभी होते. मी काही बोलले नाही. दोन दिवस बोलले नाही. घरात शिकलेली मी पहिलीच. टाकीची जबाबदारी मागून घेतली होती. 'हिला जमणार नाही' असे कोणी म्हणेल याची भीती मला पाच माशांच्या मरणापेक्षा मोठी वाटली, हे आज लिहितानाही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी मी ग्रंथपाल सरांकडे जाऊन सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आधी काकांना जाऊन सांग. मग काय झाले ते एका कागदावर लिही आणि टाकीवर चिकटव." मी तसे केले. तो कागद पुढे महिनाभर टाकीवर होता. ज्यांनी वाचला त्यांना आठवत असेल. काका ऐकून घेऊन काहीच बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी पाणी बदलताना मात्र बादली त्यांनीच आणून ठेवली.

मासे का मेले, हे मी नंतर वाचून काढले. युरियात ४६ टक्के नत्र असते. पाण्यातील जिवाणू युरियाचे रूपांतर अमोनियात करतात. अमोनिया माशांच्या कल्ल्यांना विषासारखा बाधतो, आणि आपल्यासारख्या अल्कधर्मी पाण्यात तर अधिकच. शेतात हाच अमोनिया मातीत मुरतो आणि पुढे पिकाच्या कामी येतो. साठ लिटरच्या काचेच्या भांड्यात तो जाणार कोठे? टाकीतही अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू असतात. पण नव्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ व्हायला चार-सहा आठवडे लागतात, आणि एक चमचा युरिया त्यांच्याही आवाक्याबाहेरचा असतो. वनस्पतींना लागणारे नत्र माशांच्या विष्ठेतून मिळते. मासे थोडे, वनस्पती बऱ्याच आणि दोन मिनिटांत संपेल एवढाच खाऊ, हा हिशेब सांभाळला की वेगळ्या खताची गरज सहसा पडत नाही. जुनी पाने पिवळी पडली तर नत्र कमी आहे असे समजावे. नवी पालवी फिकट आली तर बहुधा लोह कमी असते. त्या वेळी मी हे पाहिलेही नव्हते.

शेतातले ज्ञान खोटे नव्हते. ते कोठे लागू पडते आणि कोठे नाही, हे मला माहीत नव्हते.

छाटणी : आईने सांगितलेली

याच्या उलट अनुभव त्याच वर्षी जानेवारीत आला. माझे आईवडील हंगामात ऊसतोडीला जातात. त्या वर्षी त्यांची टोळी जवळच्याच गावात उतरली होती. शिष्यवृत्तीच्या एका कागदावर पालकांचा अंगठा हवा होता, म्हणून आई महाविद्यालयात आली. तिने महाविद्यालयाची पायरी चढण्याची ती पहिलीच वेळ. काम झाल्यावर मी तिला टाकी दाखवली. तोवर नवे मासे आले होते आणि हायड्रिला इतका वाढला होता की त्याचे शेंडे पाण्यावर आडवे पसरले होते. खाली उजेड जात नसल्याने बुडाकडची पाने गळून खोडे उघडी पडली होती. पुस्तकात 'छाटणी करावी' असे होते. पण एवढी मेहनतीने वाढवलेली रोपे कापायला माझा हात होत नव्हता.

आई थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आगं, ह्ये तर उसावानी हाय. पेराला डोळा दिसतोय की. वरचं टिपरं तोड अन् शेजारी लाव. बुडाला दोन डोळं ऱ्हाऊ दे, तिथनं खोडवा फुटंल. ह्यात भ्यायचं काय?"

मी चकित झाले. पुस्तकाच्या दोन पानांत जे होते ते आईने चार वाक्यांत सांगितले होते. उसाची लागण आपण बी पेरून करत नाही. दोन डोळ्यांचे टिपरे पुरतो. कारण पेरावरच्या डोळ्यात नवा कोंब असतो. हायड्रिला, आंबुली, जलब्राह्मी या वनस्पतींचेही तसेच. पेराशी नवीन कोंब आणि नवीन मुळे फुटण्याची सोय असते.

शेंडा कापल्यावर खालून जास्त फुटवे का येतात, याचेही कारण आहे. शेंड्यात ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होऊन खाली उतरते आणि बाजूच्या कोंबांना दाबून ठेवते. शेंडा गेला की दाब गेला, आणि दबलेले कोंब वाढू लागतात. हरभरा वीतभर झाला की आपल्याकडच्या बाया त्याचे शेंडे खुडून भाजी करतात; त्यामुळे भाजीही मिळते आणि झाड फुटून घाटेही जास्त लागतात. त्यामागचे शास्त्र हेच.

प्रत्यक्ष छाटणी

वनस्पतीची वाढ कोठून होते हे ओळखून कात्री लावावी. त्यासाठी मी चार गट मानले आहेत.

पहिला गट खोडाच्या वनस्पतींचा : हायड्रिला, आंबुली, जलब्राह्मी. शेंडा पाण्याच्या पृष्ठभागाला टेकण्याआधी छाटावे. खडीपासून दोन-तीन पेरे ठेवून, पेराच्या किंचित वर कापावे. कापलेल्या तुकड्यांतील कोवळे शेंडे चार-पाच इंच ठेवावेत, खालच्या दोन पेरांवरची पाने काढावीत आणि ती पेरे खडीत इंच-दीड इंच खोल जातील असे लावावे. जुडी करून एका जागी खोचू नये. प्रत्येक टिपरे बोटभर अंतरावर लावावे, नाहीतर आतली कुजतात. पहिल्या वेळी मी दहा टिपरी लावली, त्यांतील आठ धरली. एकाच बुडख्यावरून वारंवार छाटत गेले की बुडखा जून होतो आणि फुटवे बारीक येतात. तिसऱ्या-चौथ्या छाटणीला बुडखे उपटून नवे शेंडे लावावेत. दरवर्षी खोडवाच ठेवला तर उसाचा उतारा घटतो, तसेच हे. सेराटोफायलमला मुळे नाहीत, तेव्हा ते लावण्याचा प्रश्नच नाही. तोडून निम्मे काढावे, निम्मे तरंगत ठेवावे.

दुसरा गट व्हॅलिस्नेरियासारख्या पातीच्या वनस्पतींचा. हिला वर खोड नाही. सारी पाने बुडातून निघतात. पान मधेच कापले तर कापलेली कड तपकिरी होऊन कुजते. म्हणून जुने, शेवाळलेले पान अगदी बुडाशी कापून काढावे. लावताना मुळे खडीत आणि बुडाचा पांढरा भाग वर राहील असे लावावे. तो पुरला गेला की रोप सडते. ही वनस्पती धावत्या फांद्यांनी पसरते. शेतातली हरळी जशी सांध्यासांध्याला मुळे धरीत पुढे जाते, तशी. नव्या रोपाला तीन-चार पाने आली की मधला दुवा कापून ते वेगळे लावता येते. माझ्या चार रोपांची पुढे मागची सारी बाजू भरली.

तिसरा गट कंदाच्या व आडव्या खोडाच्या वनस्पतींचा. यांत कमळाच्या कुळातील लहान जाती येतात, आणि बाजारात मिळणारे जावा फर्न व अनुबियासही. यांचे फक्त बाहेरचे जुने पान देठासकट काढावे. जावा फर्न आणि अनुबियास यांचे आडवे खोड खडीत कधीही पुरू नये; दगडाला दोऱ्याने बांधावे.

चौथा गट तरंगणाऱ्या वनस्पतींचा, जसे गोंडाळ. यांची छाटणी म्हणजे विरळणी. पाण्याचा निम्म्याहून अधिक पृष्ठभाग झाकला गेला की जास्तीचे काढून टाकावे, नाहीतर खाली अंधार होतो.

काही नियम सर्वांना लागू आहेत. कात्री उकळत्या पाण्याने धुतलेली आणि धारदार असावी. बोथट कात्रीने खोड चेचते आणि चेचलेला भाग कुजतो. एका वेळी एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये. एकदम सारे कापले तर पाण्यातील नत्र घ्यायला कोणी उरत नाही आणि ती जागा शेवाळ घेते. कापलेला प्रत्येक तुकडा जाळीने वेचून काढावा. काम झाल्यावर पाव हिस्सा पाणी बदलावे. उन्हाळ्यात हायड्रिलाला दर आठवड्याला कात्री लागते, थंडीत पंधरा दिवसांनी चालते. वाळलेले, कुजलेले पान मात्र दिसेल त्या दिवशी काढावे. मोसंबीच्या बागेत सल काढायला मुहूर्त पाहत नाहीत.

कापलेले कोठे टाकावे?

हा प्रश्न लहान वाटतो, पण सर्वांत मोठा तोच आहे. टाकीत पाल्याची बादली भरली की ती नाल्यात किंवा कालव्यात ओतावी असे सहज मनात येते. तसे कधीही करू नये.

पुण्याच्या मुळा-मुठेत, नाशिकच्या गोदावरीत, कोल्हापूरच्या पंचगंगेत जी जलपर्णी नदी झाकून टाकते, ती मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आणली गेली. हौसेच्या तळ्यातून ती बाहेर पडली आणि तिने नद्या, भाताची शेते, नावांच्या वाटा अडवल्या. अखेर १९३६ साली बंगाल सरकारला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला.

याच्या उलट हकिकत आपल्या हायड्रिलाची. आपल्या चारीत तो साधा पाणगवत म्हणून वाढतो. १९५० च्या दशकात मत्स्यटाकीच्या व्यापारातून तो अमेरिकेतील फ्लॉरिडात गेला, टाकीतून कालव्यात पडला, आणि तिथल्या तळ्यांत व नद्यांत त्याने इतके थैमान घातले की तो काढण्यासाठी त्या देशाला मोठा खर्च करावा लागतो. इथले तिथे गेले, तिथले इथे आले. दोन्हीकडे सुरुवात कोणाच्या तरी हौसेने आणि एका बेफिकीर हाताने झाली. हायड्रिलाच्या एका पेरापासूनही नवे रोप होते, हे लक्षात घेतले म्हणजे एका बादलीत किती रोपे असतात याचा हिशेब करता येईल.

म्हणून छाटलेला पाला फरशीवर पसरून उन्हात कडक वाळवावा आणि मग उकिरड्यात किंवा खताच्या खड्ड्यात टाकावा. आमचा पाला लिंबाच्या रोपांच्या आळ्यात जातो. मासेही कधी ओढ्यात सोडू नयेत.

समारोप

आज टाकीत बावीस गप्पी आहेत. पाणी नितळ आहे. व्हॅलिस्नेरियाची पाती उभी डुलते आणि हायड्रिलाचा पाचवा खोडवा मी गेल्या महिन्यात मोडून नवी लागण केली आहे. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पाचवा? लईच येळ ठिवलास." तिचे खरे आहे, मी वर जे लिहिले आहे ते मला स्वतःलाही दर वेळी पाळता येत नाही.

मी महाविद्यालयात आले तेव्हा मला वाटे की, इथे जे शिकायचे ते सारे पुस्तकात आहे आणि घरी जे पाहिले ते विसरायचे आहे. टाकीने मला सांगितले की तसे नाही. युरियाच्या वेळी घरचे ज्ञान पुस्तकाला विचारून घ्यायला हवे होते, आणि छाटणीच्या वेळी पुस्तकाचे ज्ञान घरी विचारून घ्यायला हवे होते. दोन्ही वेळा मी विचारले नाही; एकदा पाच मासे गेले, आणि दुसऱ्यांदा आई सहज आली म्हणून रोपे वाचली.

पुढील वर्षी मी तृतीय वर्षात असेन आणि त्यानंतर ही टाकी कोणाकडे तरी सोपवावी लागेल. ज्या विद्यार्थ्याची वा विद्यार्थिनीची इच्छा असेल त्यांनी शनिवारी दुपारी ग्रंथालयात यावे. सोबत धारदार कात्री आणावी आणि घरी ऊस, हरभरा किंवा मोसंबी असेल तर येण्याआधी घरच्यांना चार प्रश्न विचारून यावे, एवढीच नम्र विनंती.